शोरूम जळगावात, दुरुस्ती नाशकात: वीजगाड्यांच्या करमाफीला दुरुस्तीची अट घाला

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
तसेच
राज्यात विजेवर चालणाऱ्या मोटारी विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीपश्चात सेवाप्रमुख

विषय: खान्देशात विकल्या जाणाऱ्या विजेवरील मोटारींच्या दुरुस्तीला लागणारा अवाजवी विलंब

महोदय,

मी अमळनेर येथे कृषी सेवा केंद्र चालवतो. बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांच्या कामासाठी मला आठवड्यातून तीन-चार वेळा जळगाव किंवा धुळे गाठावे लागते आणि हंगामात तर रोजच. 24 ऑक्टोबर 2023 रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मी विजेवर चालणारी मोटार घेतली. 24 ऑक्टोबर 2025 रोजी तिला दोन वर्षे पूर्ण झाली आणि योगायोग असा की, त्याच दिवशी ती वर्कशॉपमधून तिसऱ्यांदा घरी परतली. या दोन वर्षांतले 77 दिवस तिने वर्कशॉपच्या आवारात काढले आहेत. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की पत्र एका कंपनीविरुद्धची तक्रार ठरते आणि तोच कारभार करणाऱ्या बाकीच्या कंपन्या नामानिराळ्या राहतात. शिवाय आमच्या भागातील निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या बाळगणाऱ्या परिचितांशी बोललो, तेव्हा बिघाड वेगवेगळे असले तरी थांबण्याची कहाणी एकच निघाली.

मी वीजगाडीचा विरोधक नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गाडी चालते तेव्हा उत्तम चालते. एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, घरच्या छतावरील सौरपटलांमुळे दिवसा चार्जिंग केले तर खर्च जाणवतही नाही, आणि डिझेलच्या जुन्या गाडीची घरघर आता मला सहन होत नाही. कंपनीने जाहिरातीत सांगितलेले अंतर आणि मे महिन्यात वातानुकूलन लावून प्रत्यक्ष मिळणारे अंतर यांत फरक पडतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो हिशेब करूनच मी गाडी घेतली होती. यंत्र आहे, ते बिघडणारच. माझी तक्रार बिघडल्यानंतर जे होते, किंवा होत नाही, त्याबद्दल आहे.

पहिला बिघाड मे 2024 मधला. पाळधी ओलांडून बांभोरीच्या गिरणा पुलाकडे जात असताना पडद्यावर एक सूचना झळकली, मिनिटभरात वेग मंदावला आणि भर दुपारी, महामार्गावर, गाडी जागीच थांबली. बॅटरी 64 टक्के भरलेली दिसत होती. ज्यांना या गाड्यांची रचना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वीजगाडीत दोन बॅटऱ्या असतात: चाके फिरवणारी मोठी, काही शे व्होल्टची, आणि दिवे, पडदा, कुलुपे व नियंत्रणाची सर्किटे चालवणारी लहान, 12 व्होल्टची. लहान बॅटरी मोठीकडून चार्ज करून घेणारा एक डीसी-डीसी कन्व्हर्टर मध्ये बसवलेला असतो. तो निकामी झाला की लहान बॅटरी उतरत जाते आणि ती उतरली की मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विचही उघडतात. विहिरीत पाणी काठोकाठ आहे, पण स्टार्टरची तार तुटली म्हणून पाटाला थेंब येत नाही, असा तो प्रकार. माझ्या गाडीत गिअर आणि हँडब्रेकही विजेवरच चालत असल्यामुळे गाडी न्यूट्रलला येईना आणि चाके सुटेनात. मदतीला धावून आलेल्या चार जणांनी धक्का देऊन पाहिला, पण ती हातभरही हलली नाही. पुढची चाके उचलून ओढणारे टोइंगचे वाहन तासाभरात आले होते, परंतु चाके फिरवत ओढू नये असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, म्हणून सपाट पाठीचा ट्रक येईपर्यंत चार तास मी त्या उन्हात पुलाअलीकडे उभा होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने पाणी आणि बसायला खाट दिली, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्या वेळी गाडी 11 दिवसांत मिळाली. आज मागे वळून पाहता ती त्यांची सर्वांत जलद कामगिरी होती, असे म्हणावे लागते.

दुसऱ्या बिघाडाचा दोष मी कंपनीला देत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पावसाच्या दिवसांत गाडी माझ्या गोदामाशेजारी उभी असे आणि उंदरांनी तिची नारिंगी वायर कुरतडली. नारिंगी रंग म्हणजे उच्च दाबाची वायर. तिचे आवरण फाटले की गाडीतील सुरक्षा यंत्रणा विद्युतरोधन कमी झाल्याची नोंद घेते आणि गाडी सुरूच होऊ देत नाही. हे योग्यच आहे. अशा वायरीला टेप गुंडाळून भागत नाही, तो संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, बदलावा लागतो, हेही मला मान्य आहे. बिल मी भरले, काही भाग विम्यातून मिळाला. प्रश्न एवढाच की, तो हार्नेस मिळायला आणि बसवायला 24 दिवस का लागावेत? त्यांतले पहिले आठ दिवस तर केवळ निदानात गेले. उच्च दाबाच्या भागांना हात लावण्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ जळगावच्या वर्कशॉपमध्ये नव्हता, तो नाशिकहून दर गुरुवारी येत असे, आणि माझी गाडी शुक्रवारी पोचली होती. पुढच्या गुरुवारी त्याने येऊन वायर पाहिली, छायाचित्रे काढली आणि ती मंजुरीसाठी वर पाठवली. ‘वर’ म्हणजे नेमके कुठे, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

तिसरा बिघाड गाडीतच बसवलेल्या चार्जरचा. घरातील प्लग लावला की दोन मिनिटांत चार्जिंग बंद पडू लागले. 12 सप्टेंबर 2025 रोजी गाडी वर्कशॉपला दिली आणि 24 ऑक्टोबरला परत मिळाली, म्हणजे 42 दिवस. या काळात मी अठरा वेळा फोन केले, पाच वेळा स्वतः गेलो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा धुळ्याकडचा, अतिशय सौजन्यशील तरुण, तो बिचारा दर वेळी अहिराणीत एकच वाक्य सांगे, “भाऊ, पार्ट आजून येवाना शे.” त्याच्या हाती त्याहून अधिक काही नव्हतेच. पार्ट कोठून निघाला, निघाला की नाही, हे त्याच्या संगणकावर दिसत नसे. एकोणिसाव्या दिवशी माझ्या मोबाइलवर ‘आपले जॉबकार्ड (वर्कशॉपमधील कामाची नोंद) बंद करण्यात आले आहे’ असा संदेश आला. गाडी तयार झाली असे समजून मी निघण्याच्या बेतात होतो; फोन केल्यावर कळले की जुने जॉबकार्ड बंद करून त्याच बिघाडाचे नवे उघडले आहे. असे का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पण कंपनीच्या नोंदीत माझी गाडी 42 दिवस थांबलेली दिसणार नाही, 19 आणि 23 अशी दोन निराळी कामे दिसतील, एवढे मला कळते.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी, मी पुन्हा तेथे गेलो. आमच्या घरी दसऱ्याला दुकानातील वजनकाट्यापासून गाडीपर्यंत सर्वांची पूजा होते. गाडी तेथेच असल्याने झेंडूची माळ घेऊन मीच तिच्याकडे गेलो. शोरूमच्या दर्शनी भागात नव्या गाड्यांना हार घातले जात होते, पेढे वाटले जात होते, कुटुंबांची छायाचित्रे काढली जात होती. मागच्या आवारात माझ्या गाडीसह चार वीजगाड्या धूळ खात उभ्या होत्या. एकीच्या काचेवर कोणीतरी बोटाने आपले नाव लिहून ठेवले होते. पुढे हार घालून निघालेल्या गाड्यांतली एखादी वर्षभराने मागच्या आवारात येईल तेव्हा तेथे तिला हात लावणारा माणूस असेल का, हे विक्री करणाऱ्याला कोणीही विचारत नाही. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आयुक्त महोदय, राज्य शासनाने वीजगाड्यांसाठी बरेच काही सोडले आहे. 2021 च्या धोरणाने त्यांना मोटार वाहन करातून सूट दिली. 29 एप्रिल 2025 रोजी मंत्रिमंडळाने मान्य केलेले नवे धोरण 31 मार्च 2030 पर्यंत आहे. त्यात सवलती पुढे चालू ठेवल्या आहेत आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग येथे वीजमोटारींना टोलमाफीही दिली आहे. (या तिन्हींपैकी एकही रस्ता खान्देशातून जात नाही, हे जाता जाता नमूद करतो.) महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी, असेही त्यात म्हटले आहे. ही दृष्टी चांगली आहे. पण चार्जिंगचे अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्या शासनाने दुरुस्तीचे अंतर मोजलेले नाही. मला चार्जिंगसाठी दूर जावे लागत नाही, ते घरीच होते. दुरुस्तीसाठी मात्र गाडी साठ किलोमीटरवरील जळगावला न्यावी लागते, तंत्रज्ञ अडीचशे किलोमीटरवरील नाशिकहून येतो आणि मोठी बॅटरी उघडण्याची वेळ आली, तर ती पुण्याला जाईल असे मला सांगण्यात आले आहे. नंदुरबारच्या, त्यातही अक्कलकुवा-धडगावच्या ग्राहकाने काय करायचे, याची कल्पना आपण करावी.

माझी मागणी एकच आहे: राज्याची करमाफी आणि अनुदान ज्या मॉडेलला मिळते, त्या मॉडेलची दुरुस्ती ज्या जिल्ह्यात ते विकले जाते त्याच जिल्ह्यात होईल, अशी अट घालावी. मोटार वाहनांचे नियम बऱ्याच अंशी केंद्राच्या हाती आहेत, हे मी जाणतो. परंतु करमाफी राज्याची आहे, म्हणून तिची अटही राज्य घालू शकते. असे पूर्वी झालेलेही आहे. 2021 च्या धोरणात बॅटरीची दीर्घ वॉरंटी आणि खात्रीची पुनर्खरेदी देणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी जादा प्रोत्साहन ठेवले होते. म्हणजे विक्रीनंतरच्या जबाबदारीला पैशाशी जोडण्याचे तत्त्व शासनाने एकदा मान्य केले आहे. तेच तत्त्व दुरुस्तीला लावावे. कंपनीने प्रत्येक जिल्ह्यासाठी लेखी जाहीर करावे की उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेले किती तंत्रज्ञ तेथे कायम नेमलेले आहेत, कोणते बिघाड तेथे दुरुस्त होतात आणि कोणत्या बिघाडासाठी गाडी बाहेर पाठवावी लागते. हा तक्ता मराठीत, शोरूमच्या दर्शनी भागात, किमतीच्या फलकाशेजारी लावावा. तो वाचूनही ज्याला गाडी घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. मला तो 2023 मध्ये वाचायला मिळाला असता, तर कदाचित मी तरीही गाडी घेतली असती. पण जुनी डिझेलची गाडी मोडीत काढली नसती.

अशी अट घातली तर कंपन्या लहान जिल्ह्यांत गाड्याच विकणार नाहीत, असा युक्तिवाद मला ऐकवला जाईल. त्यावर आमच्याकडील एक रोजचे उदाहरण देतो. विहिरीवरची पाणबुडी मोटार जळाली, तर अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, कोणत्याही तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगचे दुकान आहे, आणि दोन दिवसांत, पीक वाळायच्या आत, मोटार पुन्हा विहिरीत उतरते. ही दुकाने कोणत्याही कंपनीने काढून दिलेली नाहीत. सुटे भाग बाजारात मिळत होते आणि मोटार उघडायला कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून ती उभी राहिली. वीजगाडीची बॅटरी पाणबुडी मोटारीसारखी कोणीही उघडावी, असे मी म्हणत नाही. तीनशे-चारशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेतो, आणि म्हणूनच प्रशिक्षण व साधने यांवर माझा भर आहे. परंतु 12 व्होल्टची बाजू, थंडावा देणारे पंप, सेन्सर, चार्जिंगचा सॉकेट यांतले बरेचसे काम शिकलेला वायरमन किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो. त्याला अडवते ते ज्ञान नव्हे. बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण आणि नव्या भागाची गाडीला ‘ओळख’ करून देणारे सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या हाती असते, तेथे त्याचा हात थांबतो.

ही अडवणूक नवी नाही आणि ती फक्त वीजगाड्यांपुरतीही नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली, तो निराळा विषय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे आणि मोबाइल यांच्याबरोबर मोटारींचे क्षेत्रही तिच्यापुढे ठेवले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. दिशा ठरलेली आहे. आमच्या जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले पुण्या-नाशकाला नोकरी शोधायला जातात. कंपन्यांनी त्यांतील काहींना उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण देऊन येथेच नेमले, तर गुरुवारची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

कंपन्यांच्या सेवाप्रमुखांना मला तीन-चार गोष्टी थेट सांगायच्या आहेत. बिघाडाचे निदान ग्राहकाला लेखी द्या; ‘टेक्निकल टीमला मेल केला आहे’ हे निदान नव्हे. गाडी वॉरंटीतील कामासाठी पंधरा दिवसांहून अधिक थांबली, तर पर्यायी गाडी द्या किंवा रोजचा ठरावीक भत्ता द्या. बँकेचा हप्ता माझ्या 77 दिवसांत एकदाही थांबला नाही, आणि भाड्याच्या गाडीचे पैसे मी वेगळे मोजले. जितके दिवस गाडी तुमच्या आवारात असेल, तितके दिवस वॉरंटी पुढे वाढवा. माझ्या गाडीत मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे, पण चार्जर आणि कन्व्हर्टर यांना तीनच वर्षांची. म्हणजे जे भाग प्रत्यक्षात बिघडले, त्यांचीच हमी सर्वांत लवकर संपणार आहे. जाहिरातीत आठचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तीनचा शोधावा लागतो. आणि गाडी परत दिल्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या फोनवर ‘दहापैकी दहा गुण द्या, नाहीतर आमचा पगार कापला जातो’ अशी गयावया करण्याची वेळ आपल्या कर्मचाऱ्यांवर आणू नका. त्या तरुणाकडे पाहून मी दहा गुण दिले. ते कंपनीला मिळालेले गुण आहेत, असा समज तुम्ही करून घेऊ नये.

एका बाबीकडे आयुक्तांचे विशेष लक्ष वेधतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने कलम 110-अ आले. त्यानुसार दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रारी नोंदवल्या असतील, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. महामार्गावर धावती गाडी सर्व शक्ती गमावते आणि चाके अडकून जागीच थांबते, हा धोका नव्हे तर काय? त्या दिवशी माझ्या मागे उसाने भरलेली ट्रॉली नव्हती, एवढेच माझे नशीब. पण आमच्या भागातील मालकांच्या तक्रारी अ‍ॅडव्हायझरच्या कानापलीकडे जात नाहीत, म्हणून त्या कोणत्याही मोजणीत येत नाहीत. प्रादेशिक परिवहन कार्यालयांत वीजगाड्यांच्या बिघाडाची नोंद घेणारा एक मराठी अर्ज उपलब्ध करून दिला आणि त्या नोंदी केंद्राकडे पाठवल्या, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील गाड्याही हिशेबात धरल्या जातील. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ही मोठी सोय आहे, आणि वस्तूची चाचणी आवश्यक नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. मी तो मार्ग सोडलेला नाही. माझ्या 77 दिवसांची भरपाई मी तेथे मागणार आहे. पण आयोगाचा आदेश माझ्यापुरता असेल. मागच्या आवारातील उरलेल्या तीन गाड्यांना त्याचा काही उपयोग नाही.

या पत्राची मुद्रित प्रत आपल्या कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवत आहे. सोबत तिन्ही बिघाडांच्या चारही जॉबकार्डांच्या प्रती जोडल्या आहेत. तीन बिघाडांची चार जॉबकार्डे कशी झाली, ते वर सांगितलेच आहे. प्रत्येक जॉबकार्डावर ‘गाडी परत देण्याची अपेक्षित तारीख’ असा रकाना छापलेला आहे. चारही ठिकाणी तो कोरा आहे. तो भरणे बंधनकारक करावे, एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक वीजगाडीधारक
अमळनेर, जि. जळगाव